सिमरोलजवळच्या सव्वा एकर हरळीसाठी बसून चालवायचा मोव्हर : कोणता घ्यावा, कसा लावावा?

आंब्याची_सावली | ३ जून, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे इंदूरचे आणि बाहेरगावचे जाणकार आहेत म्हणून विचारते.

खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडे आमची दोन एकर जागा आहे. आजोबांनी लावलेले अकरा आंबे, चार चिकू, एक विहीर, बाकी मोकळं मैदान. बाबांनी पंधरा वर्षांत त्या मैदानात हरळी मुरवली. ती सव्वा एकर तरी भरेल. रविवारी आमचे सगळे चुलत-मावस तिथे जमतात, गावातली पोरं क्रिकेटला येतात, आणि पोरं यायच्या आत मैदान कापलेलं हवं असा बाबांचा नेम आहे.

बाबा आता ७३ वर्षांचे आहेत. आमच्याकडे १८ इंची, ढकलायचा पेट्रोल मोव्हर आहे. गेल्या श्रावणात उघडीप मिळाली म्हणून दोन दिवस ते एकटेच ढकलत राहिले. तिसऱ्या दिवशी गुडघा इतका सुजला की जिना उतरवेना. माणूस लावू म्हटलं तर ऐकत नाहीत. त्यांचंही चुकीचं नाही. आधीच्या माणसाने ब्रश-कटर बुंध्याला लावून दोन चिकूंची साल काढली, दोन्ही झाडं वाळली. तेव्हापासून बाबा त्या कामाला कुणाला हात लावू देत नाहीत.

मी आणि भावाने ठरवलंय की या पावसाळ्याआधी बसून चालवायचा मोव्हर घ्यायचा. बजेट साडेतीन लाखांपर्यंत. ३८ इंची की ४२ इंची? गिअरचा की हायड्रोस्टॅटिक? हॉर्सपॉवर किती? दुकानदार फक्त हॉर्सपॉवर सांगतो, बाकी काही विचारलं की कॅटलॉग पुढे करतो.

---

ओहायोतला_इंदुरी | ४ जून, पहाटे ५.०५

ताई, मी मूळचा रामबागेतला. १९ वर्षं इकडे आहे आणि दर शनिवारी एक एकर गवत कापतो. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे.

आधी हिशोब करू. सव्वा एकर म्हणजे सुमारे ५,०६० चौरस मीटर. १८ इंची मोव्हर ४६ सेंटिमीटर कापतो. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, म्हणजे हाती ४० सेंटिमीटर येतात. एका कापणीला काका साडेबारा किलोमीटर चालतात, तेही मशीन ढकलत. गुडघ्याने तक्रार केली नसती तरच नवल.

३८ इंच म्हणजे ९७ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर चढ धरला तर ८७ उरतात. ताशी पाच किलोमीटर वेग घ्या आणि वळणं, झाडं, थांबणं यांचे तीस टक्के वजा करा. सुमारे एक तास चाळीस मिनिटं लागतील. हेच ४२ इंचीचं गणित केलं तर दीड तास येतो. फरक दहा मिनिटांचा! त्या दहा मिनिटांसाठी मोठी डेक, म्हणजे पाती झाकणारं खालचं आवरण, घेऊ नका. ४२ इंची मशीन कापलेलं गवत बाजूला टाकणाऱ्या चूटसकट सव्वा मीटरच्या वर जातं. तुमचं फाटक केवढं आहे आणि आंब्यांमधून वाट किती आहे, ते टेपने मोजा. अकरा आंबे आणि चिकू असतील तर ३८ पुरे.

प्रकारांचं थोडक्यात सांगतो. पुढे इंजिन आणि पोटाखाली डेक असलेला तो लॉन ट्रॅक्टर. मागे इंजिन असलेला छोटा रायडर बहुतेक ३० इंची असतो, लहान अंगणाला बरा. झीरो-टर्न जागच्या जागी वळतो, झाडांभोवती सुरेख चालतो, पण त्याला स्टीअरिंग नसतं, दोन दांडे असतात आणि उतारावर त्याचा भरवसा कमी. ७३ वर्षांच्या, ट्रॅक्टर-स्कूटर चालवलेल्या माणसाला स्टीअरिंगवालाच द्या.

हायड्रोस्टॅटिकच घ्या. गिअरच्या मशीनला वेग बदलायला थांबावं लागतं. हायड्रोमध्ये पायाचं पेडल जितकं दाबाल तितका वेग, झाडाजवळ आलं की पाय हलका करायचा. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. इंजिन बंद असताना हे मशीन तसंच ढकलायचं किंवा ओढायचं नाही. मागे एक बायपासचा दांडा असतो, तो ओढून चाकं मोकळी करायची, मग ढकलायचं.

हॉर्सपॉवरबद्दल : ३८ इंची डेकला जे इंजिन कंपनी लावते ते पुरेसं असतं. तिथे जास्त पैसे घालू नका.

---

पाना_नंबर_तेरा | ४ जून, सकाळी ८.४०

ओहायोवाल्यांनी नीट सांगितलं आहे. मी ३४ वर्षं छोटी इंजिनं दुरुस्त केली, आता घरी असतो. माझी भर एवढीच, की मशीन निवडण्याआधी मेकॅनिक निवडा.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. डेकचा बेल्ट, पात्यांचा जोड आणि स्पिंडलचं, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं, बेअरिंग इंदुरात शेल्फवर आहे का? नसेल तर किती दिवसांत येतं? आणि बिघाड झाला तर माणूस सिमरोलला येईल, की मशीन टेम्पोत घालून तुम्ही न्यायचं? बेअरिंग बहुतेक वेळा नंबर पाहून इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतं, नटबोल्टही मिळतात. पण बेल्टची लांबी आणि पात्याचं मधलं भोक प्रत्येक मॉडेलचं वेगळं. पाच-सहा टोकांच्या ताऱ्यासारखं भोक असेल तर दुसऱ्या कंपनीचं पातं बसतच नाही. म्हणून बेल्ट एक आणि पात्यांचा एक जास्तीचा जोड पहिल्याच दिवशी विकत घ्या.

पाती चालू करायची पद्धतही बघा. काही मशीनला हाताने ओढायचा दांडा असतो, काहींना विजेवरचा क्लच, म्हणजे फक्त एक बटण. दांडा ओढायला जोर लागतो, पण तो केबलवर चालतो आणि दुरुस्ती सोपी. बटण सोपं, पण क्लच गेला तर खर्च मोठा. काकांच्या मनगटात जोर असेल तर दांडा.

---

कोरडवाहू | ४ जून, दुपारी १.१५

मला हे पटत नाही, आणि मनापासून सांगतो आहे, राग मानू नका. मी देवासकडचा शेतकरी. सव्वा एकरासाठी तीन-साडेतीन लाखांचं मशीन, जे वर्षातून चार महिने चालणार. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर गवत वाढतं, नंतर तुम्ही पाणी दिलं तरच. एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी नसताना हिरवळ राखणं मला चुकीचं वाटतं. गावात कुणाकडे तरी छोटा ट्रॅक्टर असेल, त्याला स्लॅशर लावून महिन्यातून दोनदा फिरवा आणि कापलेलं गवत गोशाळेला द्या. काकांना दुसरं काम द्या.

---

आंब्याची_सावली | ४ जून, रात्री १०.०२

दादा, राग अजिबात नाही. पाण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि बाबाही त्याच मताचे आहेत. उन्हाळ्यात आम्ही फक्त आंब्यांना पाणी देतो, हरळी पिवळी पडू देतो. मृगाच्या दोन सरी झाल्या की ती आपोआप परत येते.

स्लॅशर एकदा करून पाहिला होता. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी ओल्या काळ्या मातीत वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या. सुकल्यावर त्या दगडासारख्या कडक झाल्या आणि एका पोराचा पाय त्यात मुरगळला. शिवाय स्लॅशर गवत फाडतो, मैदान खेळण्यासारखं राहत नाही.

आणि बाबांना दुसरं काम देण्याबद्दल. आई गेल्यानंतर ते दर शनिवारी सिमरोलला जातात ते या गवतासाठीच. घरी कुणी हे मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही, फक्त साडेबारा किलोमीटर चालणं काढायचं आहे.

---

कोरडवाहू | ४ जून, रात्री १०.३०

ताई, हे आधी कळलं असतं तर तसं लिहिलंच नसतं. घ्या मशीन. आणि चाकोऱ्यांचं तुम्ही म्हणता ते खरं, म्हणून टायर रुंद असलेलंच घ्या, आणि पावसानंतर दोन दिवस उघडीप असल्याशिवाय मैदानात नेऊ नका. टाच रोवून बघा. खड्डा पडून त्यात पाणी दिसलं तर परत फिरा.

---

हरळी | ५ जून, सकाळी ७.१०

मी उद्यानविद्या शिकवते, त्यामुळे गवताच्या बाजूने बोलते. मशीनची चर्चा चालू आहे, पण ते कशासाठी आहे ते विसरायला नको.

हरळीचा नियम जुना आहे : एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तुम्हाला दोन इंचांवर ठेवायची असेल तर ती तीन इंच झाली की कापा. चार-पाच इंच वाढू देऊन एकदम दोनवर आणलीत तर खालची पिवळी काडी उघडी पडते आणि गवत आठवडाभर आजाऱ्यासारखं दिसतं. श्रावणात हरळी इतकी झपाट्याने वाढते की पाच-सहा दिवसांत पाळी येईल. दर आठवड्याला कापायची सोय ठेवा.

बसून चालवायच्या मशीनची डेक साधारण एक इंचापासून चार इंचांपर्यंत वरखाली होते. अगदी खालच्या खाचेत कधी चालवू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दर वर्षी जमीन थोडी उंचसखल होते. खाली चालवलं की उंचवट्यावर पातं माती खरवडतं आणि तिथे टक्कल पडतं. पहिल्या वर्षी अडीच इंच ठेवा. खड्ड्यांत दर पावसाळ्यात रेती आणि चाळलेलं शेणखत मिसळून अर्धा इंच थर द्या, गवताचे शेंडे वर राहतील इतकाच. दोन-तीन वर्षांत मैदान सपाट होईल.

क्रिकेटच्या मैदानासारखं चकचकीत हवं असेल, तर ते या मशीनचं काम नाही. त्याला कात्रीसारखा कापणारा सिलिंडर मोव्हर लागतो. तुमच्या पोरांना अडीच इंच हरळीवर डाइव्ह मारायला जास्त मजा येईल.

गोळा करायची पिशवी घेऊ नका. वेळेवर कापलेलं बारीक गवत जागेवरच पडू द्या, ते कुजून खत होतं. लव्हाळा किंवा गाजर गवत फुलावर आलं असेल तेवढं मात्र आधी हाताने उपटा.

---

मांडवीकर | ५ जून, दुपारी ३.४५

आमच्या वडोदऱ्यातल्या सोसायटीत दोन वर्षांपासून असं मशीन आहे, देखभाल माझ्याकडे. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास पेट्रोलने दिला, म्हणून लिहितो.

या इंजिनांच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं की इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दिवाळीनंतर आम्ही टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून ताडपत्री घातली. जूनमध्ये मशीन चालूच होईना. कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट चिकट थर होता आणि पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झाली होती.

आता आम्ही असं करतो : कॅनमध्ये महिनाभर पुरेल एवढंच पेट्रोल आणतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करतो. नळी दर वर्षी दाबून बघतो, नरम लागली तर बदलतो. घेताना डीलरकडून इंधनाबद्दल आणि वॉरंटीबद्दल लेखी घ्या, तोंडी नको.

---

पाना_नंबर_तेरा | ५ जून, संध्याकाळी ६.२०

मांडवीकरांचं सोन्यासारखं आहे. त्याला जोडून इंजिनाचं सांगतो. ही इंजिनं हवेने थंड होतात. वरच्या आवरणाखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पात्र्या असतात, त्यांच्यामध्ये वाळलेलं गवत आणि धूळ भरली की इंजिन आतून भाजतं, बाहेरून काही कळत नाही. मालव्याची मे महिन्याची धूळ तर पिठासारखी असते. एअर फिल्टर २५ तासांनी झटका, वर्षाला बदला. हंगामाआधी आवरण काढून पात्र्या ब्रशने साफ करा, उंदरांनी घरटं केलं असेल तर तेही तिथेच सापडेल.

ऑइल पुस्तिकेत लिहिलं असेल तेच. आपल्या हवेत साधारण एसएई ३० चालतं. गाडीचं उरलेलं पातळ ऑइल ओतू नका. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल पाच ते आठ तासांत बदलतात, नंतर ५० तासांनी किंवा वर्षाने.

---

ओहायोतला_इंदुरी | ६ जून, पहाटे ४.५०

एका गोष्टीवर मी हात जोडून सांगतो. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. सिमरोलकडे जमिनीत काळा दगड आहे. सुपारीएवढा खडा पात्याला लागला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा निघतो. चूटवरचं झाकण कधीही काढायचं नाही. कापायच्या आधी एक फेरी पायी मारून दगड, आंब्याच्या कोयी, बॅटचे तुकडे उचलायचे. कापणी चालू असताना मैदानात एकही मूल नको.

आणि नातवंडाला मांडीवर बसवून एक चक्कर, हे कृपा करून कधीच नाही. इकडे त्यातून मुलांचे पाय गेल्याच्या घटना घडल्या आहेत. आजोबांचं मन मोडेल, तरी नाही.

उतार असेल तर तो आडवा नाही, उभा कापायचा. १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर तिथे हे मशीन न्यायचंच नाही. एक मीटरची सरळ पट्टी पाणसळ लावून आडवी धरा, तिच्या उताराकडच्या टोकाखाली २७ सेंटिमीटर पोकळी आली की १५ अंश झाले. विहिरीच्या कठड्यापासून मशीनच्या रुंदीच्या दुप्पट अंतर सोडा, तिथलं गवत हाताने कापा.

सीटखाली एक स्विच असतो. पाती चालू असताना माणूस उठला की इंजिन बंद पडतं. काही मेकॅनिक त्याला तार जोडून कायमचा बंद करतात. तसं कुणाला करू देऊ नका.

---

आंब्याची_सावली | २९ जून, रात्री ८.५५

मंडळी, मशीन आलं! ३८ इंची, हायड्रोस्टॅटिक, पात्यांना हाताचा दांडा. फाटक एक मीटर पंचवीस सेंटिमीटरचं निघालं, त्यामुळे ४२ इंचीचा विषयच संपला. जास्तीचा बेल्ट आणि पात्यांचा जोड सोबत घेतला. इंधनाचं लेखी मागितलं तेव्हा दुकानदार दोन दिवस टाळत होता, मग दिलं.

बाबांनी आधी पुस्तिका चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मांडीवर नातवंड नाही, हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा गप्प राहिले, नंतर स्वतःच सगळ्या पोरांना सांगितला.

काल पहिली कापणी झाली. एक तास पन्नास मिनिटं. पण मैदान बघून बाबा नाराज आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या एका कडेला पायरी दिसते, उजवीकडे गवत उंच, डावीकडे खाली. शिवाय पट्ट्याच्या बरोबर मध्ये बोटभर रुंद गवताची रेघ तशीच उभी राहते. डीलरला फोन केला तर म्हणाला, नवीन आहे, चालवून चालवून बसेल. खरंच असं असतं का?

---

पाना_नंबर_तेरा | २९ जून, रात्री ९.३०

चालवून बसत नाही, ताई. डेक लावावीच लागते. खोक्यातून काढून जोडणाऱ्याने ती बघितली नाही. दोन वेगळे दोष आहेत, वेगळे धरू.

मधली रेघ आधी. ३८ इंचीला दोन पाती असतात. दोघांच्या मधला भाग नीट कापला जायला वारा लागतो. पात्याच्या मागच्या कडा वर वळवलेल्या असतात, त्या गवत ओढून उभं करतात. इंजिन अर्ध्या वेगावर असेल तर वारा कमी पडतो आणि रेघ राहते. काका थ्रॉटल कुठे ठेवतात? पेट्रोल वाचवायला अर्ध्यावर ठेवत असतील तर तेच कारण. कापताना इंजिन पूर्ण वेगावर आणि पाय पेडलवर हलका. जमिनीवरचा वेग कमी करायचा, इंजिनाचा नाही. एकदा पाती उलटी तर बसवली नाहीत ना, तेही बघा. वळवलेली कड वर, डेकच्या छपराकडे हवी.

आता पायरी. डेकला हात लावण्याआधी टायरची हवा. कुठे भरली?

---

आंब्याची_सावली | २९ जून, रात्री ९.४४

थ्रॉटल अर्ध्यावरच होता! स्कूटरची सवय. हवा सिमरोल फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरली. उजव्या मागच्या टायरमध्ये कमी वाटली म्हणून त्यातच भरून घेतली.

---

पाना_नंबर_तेरा | २९ जून, रात्री १०.१५

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. त्याने गाडीच्या अंदाजाने भरली असणार. या मशीनला मागे साधारण १० पीएसआय आणि पुढे १४ लागतात, तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. टायर फुगला की ती बाजू उचलली जाते, सोबत डेकही. छोट्या आकड्यांचा गेज घ्या, गाडीच्या गेजवर दहा नीट वाचता येत नाही.

हवा बरोबर केल्यावर हे करा. ओसरीच्या सपाट फरशीवर मशीन घ्या, मातीत नको. इंजिन बंद, किल्ली खिशात, प्लगची कॅप काढून बाजूला. हातमोजे घाला. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर डेक मधल्या खाचेत ठेवा.

पहिलं, आडवी सपाटी. दोन्ही पाती हाताने फिरवून मशीनला आडवी करा. डावीकडचं बाहेरचं टोक आणि उजवीकडचं बाहेरचं टोक, दोन्ही जमिनीपासून मोजा. फरक एक सूतापर्यंत चालतो, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. जास्त असेल तर डेक ज्या पट्टीवर टांगलेली असते तिथल्या नटाने एक बाजू वरखाली होते. नट कोणत्या बाजूला आहे ते पुस्तिकेत दाखवलेलं असेल. अर्धा फेरा द्या, परत मोजा.

दुसरं, पुढे-मागे. पाती फिरवून लांबीच्या दिशेने करा. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते तीन सूत खाली हवं. कारण असं की पातं पुढच्या अर्ध्या फेऱ्यात कापतं. मागची बाजू खाली असेल तर तेच गवत दुसऱ्यांदा कापलं जातं, इंजिनावर भार येतो, शेंडे करपट दिसतात आणि डेकमध्ये गवत भरून बसतं. पुढच्या जोडदांड्याच्या नटाने हे बसवतात. आडवी सपाटी आधी, ही नंतर. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा करावं लागेल.

मोजताना एक खात्री करून घ्या. एका टोकाचं माप घेतल्यावर तेच पातं अर्धं फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणा. दोन मापांत एक सूतापेक्षा जास्त फरक आला तर दोष डेकचा नाही, पातं वाकलंय. वाकलेलं पातं सरळ करायचं नसतं, बदलायचं.

शेवटी चेक नट घट्ट करा आणि पुन्हा एकदा सगळं मोजा. घट्ट करताना माप सरकतं.

---

ओहायोतला_इंदुरी | ३० जून, पहाटे ५.३०

पाना_नंबर_तेरा काकांनी इतकं स्वच्छ लिहिलंय की मी हे छापून गॅरेजमध्ये लावणार आहे. फक्त डेकच्या छोट्या चाकांची भर. ती डेकचं वजन पेलायला नसतात, उंचवट्यावर पातं जमिनीला घासू नये म्हणून असतात. डेक तुमच्या कापायच्या उंचीवर असताना ती जमिनीपासून अर्ध्या ते एक सेंटिमीटर वर हवीत. हरळीताईंनी सांगितलेली अडीच इंच उंची ठरवा आणि मग चाकांचं भोक बदला.

---

आंब्याची_सावली | ६ जुलै, रात्री ९.१०

आज सगळं केलं. भाऊ, मी आणि बाबा, ओसरीवर, सकाळी साडेआठला सुरुवात.

उजव्या मागच्या टायरमध्ये २६ पीएसआय निघाली, डाव्यात ११. पुढच्या दोन्हींत वीसच्या वर. मागे १० आणि पुढे १४ केली आणि मोजलं. आधी दोन टोकांत ९ मिलिमीटर फरक होता, फक्त हवेने तो ४ वर आला. नटाला अर्धा फेरा दिल्यावर एकच मिलिमीटर राहिला. पुढे-मागे मात्र उलटं होतं. मागची बाजू ५ मिलिमीटर खाली! पुढचा नट चार वेळा फिरवून, चार वेळा मोजून पुढचं टोक ६ मिलिमीटर खाली आणलं. बाबा आजोबांची लाकडी फूटपट्टी धरून जमिनीवर पालथे पडून माप सांगत होते, मी वहीत लिहीत होते. तीस वर्षांपूर्वी माझ्या भूमितीच्या वहीवर ते असेच वाकायचे.

पाती दोन्ही सरळ आहेत आणि सुलटी बसवलेली आहेत. छोटी चाकं एक भोक वर घेतली.

मग मैदान. दोन दिवस पाऊस नव्हता, टाच रोवून बघितली, पाणी दिसलं नाही. पूर्ण थ्रॉटल, पाय हलका. पायरी गेली. मधली रेघही गेली. विहिरीकडचा उतार पट्टीने मोजला, आठ-नऊ अंश भरला, बाबांनी तो उभा कापला. कठड्याजवळचं गवत भाऊ विळ्याने कापत होता. कोरडवाहू दादा, त्यातलं एक पोतं गावातल्या गाईला दिलं. बाकीचं हरळीताईंच्या सांगण्याप्रमाणे जागेवरच पडू दिलं.

एक तास पंचेचाळीस मिनिटांनी बाबा खाली उतरले, मैदानाच्या कडेने चालत पूर्ण चक्कर मारली, दोनदा वाकून गवताचे शेंडे हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, डाव्या कोपऱ्यात अजून दोन मिलिमीटर आहे.

एक प्रश्न राहिला. पात्यांना धार कधी आणि कशी लावायची?

---

पाना_नंबर_तेरा | ६ जुलै, रात्री ९.५०

शेंडा हातात घेऊन बघायची सवय काकांना आहे, तेच उत्तर आहे. कापल्याच्या दुसऱ्या दिवशी शेंडा सरळ तुटलेला दिसला तर धार आहे. चोळामोळा झालेला, पांढरट तंतू निघालेला दिसला तर गेली. साधारण २५ तासांनी वेळ येते, दगड लागला तर लगेच.

पातं काढण्याआधी त्याच्या तळाला रंगाने खूण करा, परत उलटं बसणार नाही. कानस घ्या, मूळचा उतार आहे तोच ठेवा, दोन्ही टोकांना मोजून सारखे हात मारा. ग्राइंडर लावलात तर पातं निळं होऊ देऊ नका, निळं झालं की पोलाद मऊ पडतं. सुरीसारखी धार नको, ती लगेच मोडते. मग भिंतीत एक खिळा ठोका आणि पातं मधल्या भोकाने त्यावर आडवं टांगा. जे टोक खाली जाईल तिकडचं थोडं आणखी घासा, आडवं स्थिर राहीपर्यंत. तोल न जुळलेलं पातं बेअरिंग खातं.

आणि डाव्या कोपऱ्यातल्या दोन मिलिमीटरसाठी परत नट फिरवू नका. तो कोपरा जमिनीचा असेल. तिथे रेती आणि शेणखत.